हौशी वादकाच्या ‘ला काम्पानेल्ला’वर अभिप्राय कसा द्यावा

फ्रांत्स लिस्टची ‘ला काम्पानेल्ला’ (म्हणजे ‘छोटी घंटा’) ही पियानोरचना व्हायोलिनवादक पागानिनीच्या दुसऱ्या व्हायोलिन कॉन्चेर्टोच्या, म्हणजे वाद्यवृंदासह वाजवायच्या व्हायोलिनरचनेच्या, अखेरच्या भागावर बेतलेली आहे आणि आज सर्वत्र वाजते ते तिचे 1851 चे रूप. नोकरी सांभाळून पियानो शिकणारे अनेक जण वर्षभर मेहनत करून ती बसवतात आणि ध्वनिचित्रमुद्रण पाठवून मत विचारतात. मत देण्याआधी ते एकदा हाती काही न घेता संपूर्ण ऐकावे आणि दुसऱ्यांदा स्वरलिपी समोर ठेवून ऐकावे. वादकाला नेमके काय विचारायचे आहे, हेही त्यालाच विचारून घ्यावे.

लयीबद्दल घाईने बोलू नये. लिस्टने सुरुवातीला ‘अलेग्रेत्तो’, म्हणजे मध्यम जलद, असे लिहिले आहे. नामवंतांच्या वेगवान ध्वनिमुद्रणांशी हौशी वादकाची तुलना करणे मला निव्वळ आळस वाटतो.

खरी अवघड पायरी म्हणजे ऐकू आलेल्या चुकीमागचे कारण शोधणे, आणि तिथेच मी कित्येक वर्षे चुकत होतो. एका वादकाला मी एकदा तेवीस चुका बारच्या (स्वरलिपीतल्या उभ्या रेघांमधल्या खणाच्या) क्रमांकांसह लिहून पाठवल्या आणि त्याने ती रचना वाजवणेच सोडून दिले. त्या तेवीसपैकी निम्म्याहून अधिक चुका एकाच दोषातून निघाल्या होत्या, हे मला फार उशिरा कळले. या रचनेत उजव्या हाताला खाली चाल वाजवायची असते आणि मधूनमधून सप्तकाहून मोठी उडी घेऊन वरचा डी-शार्प, म्हणजेच घंटेचा स्वर, गाठायचा असतो. तो चुकेल या धास्तीने वादक हात उंच उचलतो, कमान लांबते, हात उशिरा पोहोचतो आणि मग स्वर एक तर हुकतो किंवा हातोडा मारल्यासारखा आदळतो. त्यामुळे स्वर बरोबर लागले असले तरी घंटा चालीपेक्षा मोठी वाजते का, हे आवर्जून ऐकावे. तसे असेल तर दोष नेमबाजीचा नसून हाताच्या प्रवासाचा आहे. अशा वेळी ‘सावकाश सराव करा’ हा सल्ला कुचकामी ठरतो, कारण सावकाश वाजवताना उंच कमानीलाही पुरेसा वेळ मिळतो आणि तीच सवय पक्की होते. हात पट्ट्यांलगत आडवा सरकवावा आणि घंटा मुद्दाम हळू आवाजात वाजवावी, इतकेच सांगावे.

चौथ्या आणि पाचव्या बोटाने वाजवायच्या ट्रिलचेही, म्हणजे दोन शेजारचे स्वर भराभर आलटूनपालटून वाजवण्याचेही, तसेच आहे. ‘बोटे कमजोर आहेत’ असे लिहिण्यापूर्वी चित्रात मनगट आणि खांदा पाहावा; ते आवळलेले असतील तर बोटांच्या व्यायामाने त्रास वाढेल.

लिहिताना एकच मुख्य दोष, त्याची जागा, कारण आणि उपाय द्यावा. बाकीच्या टिपा आपल्यापाशीच ठेवाव्यात. जे चांगले झाले तेही नेमके लिहावे: ‘छान’ नव्हे, तर ‘पुनरावृत्त स्वरांच्या भागात पेडल स्वच्छ होते’ असे. ‘तुमच्यात भाव नाही’ हे वाक्य मात्र कधीही लिहू नये, त्यावर वादकाला काहीच करता येत नाही.

पंधरा दिवसांनी फक्त त्याच बारांचे नवे मुद्रण मागवावे, संपूर्ण रचनेचे नव्हे.