नवरा गणपतीला येणार असेल, तर साधन कधी सुरू करायचं?

दापोली तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी नर्स आहे. इथल्या बऱ्याच घरांतले पुरुष एक तर मुंबईला, नाही तर बोटीवर. म्हणून कुणी पाळणा लांबवायचं साधन मागायला आली की आधी विचारते, नवरा वर्षातून किती दिवस घरी असतो?

हा प्रश्न मी चुकीतून शिकले. एक जण माला-एनचं, म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून रोज घ्यायच्या गोळ्यांचं, पाकीट घेऊन गेली. नवरा गणपतीला आला त्या रात्री तिने पहिली गोळी घेतली. तेव्हा पाळी येऊन बारा दिवस झाले होते. दिवाळीच्या सुमारास ती आली, दिवस राहिले होते. गोळी रोज घ्यायची एवढंच मी सांगितलं होतं, सुरू कधी करायची ते नीट सांगितलं नव्हतं.

तर ते आता सांगते. माला-एनमधली दोन हार्मोन्स अंडाशयातून बीज सुटू देत नाहीत. त्याला वेळ लागतो. पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू केली तर लगेच भरवसा, नंतर केली तर सात दिवस निरोधही वापरायचा. म्हणून गणपतीसाठी गोळी जुलैच्या पाळीलाच सुरू करावी. सुरुवातीची मळमळ, मधेच दिसणारे डाग हेही तोवर बहुधा निवळतात. २८ गोळ्यांपैकी २१ हार्मोनच्या, ७ लोहाच्या. एक चुकली तर आठवेल तेव्हा घ्या. दोन किंवा जास्त चुकल्या तर गोळी चालू ठेवून सात दिवस निरोध. रक्तदाब जास्त असेल, पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल, यकृताचा आजार असेल, डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठत असेल, पस्तिशी ओलांडून विडी-सिगारेट ओढत असाल किंवा बाळ सहा महिन्यांच्या आतलं अंगावर पीत असेल, तर ही गोळी नको. पोटरी सुजून दुखली, छातीत कळ आली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणखी एक. गणपतीत पाळी पुढे ढकलायला मेडिकलमधून आणतात ती गोळी वेगळी. तिच्या भरवशावर राहू नका.

छाया ही हार्मोन नसलेली गोळी. पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू करायची, तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. अंगावर पाजणारीलाही चालते. पाळी लांबू शकते.

नवरा वर्षाकाठी महिनाभरच घरी असेल तर रोजच्या गोळीपेक्षा मी गर्भाशयात बसवायची तांबी (कॉपर-टी) सुचवते. तांबं शुक्रजंतूंना निकामी करतं, बीजाशी गाठच पडत नाही. बसवल्या दिवसापासून काम सुरू, ३८० ए प्रकारची १० वर्षं चालते, काढली की लगेच दिवस राहू शकतात. वर्षभरात शंभरातल्या एकीलाही क्वचितच दिवस राहतात. रोजच्या धबडग्यात गोळीवर साधारण सात जणींना, निरोधवर तेरा जणींना राहतात. तांबी काळजापर्यंत चढते असं अजूनही ऐकते. गर्भाशयातून तशी वाटच नाही. भिंतीला इजा होणं फार विरळा, आपोआप गळून पडणं त्याहून जास्त, म्हणून दोरा तपासायला शिकून घ्या. पहिले तीन ते सहा महिने पाळीत रक्त जास्त जातं, ओटीपोट दुखतं. ताप, दुर्गंधी स्राव, पाळी चुकणं, यांतलं काही झालं की वाट बघू नका, दवाखाना गाठा.

पाकीट सासूच्या नजरेस पडू नये असं ज्यांना वाटतं त्या अंतरा इंजेक्शन घेतात, दर तीन महिन्यांनी. आमच्याच दापोली तालुक्यातल्या मुरूडला जन्मलेल्या र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, आणि त्याच मुलखात बाई आजही पदराखाली पाकीट लपवते, याचं मला वाईट वाटतं. अंतराने पाळी अनियमित होते, पुढे थांबतेही. रक्त आत साचत नाही. टोचलेली जागा चोळू नका. आणि वर्षभरात मूल हवं असेल तर हे नको, शेवटच्या सुईनंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात.

एचआयव्ही आणि गुप्तरोगांपासून वाचवतो तो फक्त निरोध. दुसरं काहीही वापरा, बाहेर राहणाऱ्या माणसाने हा वापरावाच. पण त्याला खोबरेल तेल लावू नका, तेलाने रबर फाटतं.

मूल नकोच असेल तर पुरुषांची बिनटाक्याची नसबंदी बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा करून घ्या. आठवडाभर जड उचलू नये, पुढे जाळं ओढायला ताकद तीच राहते. मात्र तीन महिने निरोध हवा आणि नंतर वीर्य तपासून घ्यायचं. करायची ती कायमची समजूनच करा.

आणि निरोध फाटला, गोळ्या राहिल्या, तर तातडीची गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. ती बीज सुटणं लांबवते, राहिलेला गर्भ पाडत नाही, पुढच्या रात्रीला उपयोगी नाही. पाळी आठवडाभर उशिरा झाली तर लघवी तपासा. आशाताईंकडे ही गोळी असते, त्यांचं दार पहाटेही वाजवा.