ओट्स कुकीज कडक होतात? या चुका टाळा

ओट्स कुकीजबद्दलची तक्रार ठरलेली असते: "रेसिपी जशीच्या तशी केली, तरी टोस्टसारख्या कडक झाल्या." जशीच्या तशी म्हणजे नक्की कशी, असं विचारलं की एकेक गोष्ट बाहेर पडते. बटर नव्हतं म्हणून तूप घातलं. ब्राउन शुगरऐवजी घरातलीच साखर. कप म्हणजे चहाचा कप. आणि शेवटी, "रंगच येत नव्हता, म्हणून पाच मिनिटं जास्त ठेवल्या." यातली एखादी चूक कुकी पोटात घालते, चारही एकदम नाही.

आधी प्रमाण सांगून टाकू. ११५ ग्रॅम बटर, ११० ग्रॅम ब्राउन शुगर, ४० ग्रॅम साधी साखर, १ अंडं, १ छोटा चमचा व्हॅनिला, १०० ग्रॅम मैदा, अर्धा छोटा चमचा खाण्याचा सोडा, तेवढीच दालचिनी पूड, १३५ ग्रॅम रोल्ड ओट्स (अख्खे, दाबून चपटे केलेले), ७५ ग्रॅम मनुका. बटर बिनमिठाचं असेल तर पाव छोटा चमचा मीठ, नेहमीचं पिवळं खारं बटर असेल तर मीठ नको. बटर आणि साखर फेटायची, मग अंडं आणि व्हॅनिला, मग कोरडं साहित्य, ओट्स आणि मनुका सगळ्यात शेवटी. चाळीस-चाळीस ग्रॅमचे पंधरा गोळे होतात. ओव्हन १७५ अंशांवर.

ग्रॅम लिहिले आहेत ते मुद्दाम. मैदा हलक्या हाताने चमच्याने कपात भरला तर साधारण १२० ग्रॅम बसतो, तोच कप डब्यात खुपसून भरला तर दीडशेच्या घरात जातो. एवढ्या फरकाने कुकी कोरडी पडते. महागडे साचे घेण्याआधी वजनकाटा घ्या.

ओव्हनमध्येच कडक होण्याची वाट बघणं

सगळ्यात जास्त कुकीज इथे वाया जातात, म्हणून जरा सविस्तर.

एक ट्रे डोळ्यांसमोर आणा. दहावं मिनिट. कडा सोनेरी झाल्या आहेत, मधला भाग फुगीर आणि फिकट, बोट टेकवलं तर खळगा पडतो. नवशिक्याला वाटतं, कच्च्या आहेत. तो दार लावतो. तेराव्या मिनिटाला पुन्हा उघडतो, अजून मऊच. सतराव्या मिनिटाला सगळीकडे एकसारखा बदामी रंग येतो, दाबून दाबत नाही, आणि मग समाधानाने ट्रे बाहेर. गंमत म्हणजे गरम असताना या कुकीज छानच लागतात. घरातले कौतुक करतात, त्यामुळे चूक कळतच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा उघडला की कळतं: चहात बुडवल्याशिवाय दात लागत नाही.

कारण चिक्की करणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं. गरम पाक वाहता असतो, गार झाला की आवळतो. कुकीतली साखर गरम असताना पातळ पाकच असते. ती ओव्हनमध्ये घट्ट झालेली दिसणं शक्य नाही, आणि तुम्ही त्याचीच वाट बघत बसलात तर तेवढ्या वेळात आतलं पाणी उडून जातं. शिवाय बाहेर काढल्यावरही तापलेला ट्रे कुकीला खालून शिजवत राहतो.

मग काढायच्या कधी? दहा ते बारा मिनिटांत, पण घड्याळापेक्षा चमक बघा. मधला भाग ओला आणि चकाकणारा असेल तर खरंच कच्चा आहे, एक मिनिट थांबा. चमक गेली, तो नुसता फिकट आणि दमट दिसतोय, कडा बोटभर रुंदीच्या पक्क्या झाल्या आहेत, की लगेच बाहेर. मग पाच मिनिटं ट्रेवरच राहू द्या आणि त्यानंतर जाळीवर काढा. ही पाच मिनिटं न थांबता उलथनं घालणाऱ्यांच्या कुकीज मोडतात, आणि मग तेच सांगतात की कच्च्या होत्या म्हणून मोडल्या.

यामागे सवयीचाही भाग आहे. आपल्याकडे घरच्या बिस्किटाचा आदर्श म्हणजे नानकटाई, आणि ती खुसखुशीतच हवी. ही कुकी त्या पंक्तीतली नाही. तिची कड जरा कुरकुरीत आणि मधला भाग चावताना किंचित ताणला जाणारा हवा.

ओटीजीच्या (घरगुती छोट्या ओव्हनच्या) बटणावर १७५ आहे म्हणून आत १७५ असेलच असं नाही. छोट्या ओटीजीत वीस-पंचवीस अंशांचा फरक सहज असतो, म्हणून आत ठेवायचा साधा थर्मामीटर घ्या. वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू, ट्रे मधल्या खणात, आणि निदान पंधरा मिनिटं आधी तापवलेलं. पंखा चालू असेल किंवा मायक्रोवेव्हचा कन्व्हेक्शन मोड वापरत असाल तर तापमान १५-२० अंशांनी कमी ठेवा. आणि पंधरा गोळे एकदम आत ढकलण्याआधी एकच भाजून बघा. एका कुकीत ओव्हन, बटर आणि मैदा तिन्हींची परीक्षा होते. याचा कंटाळा येत असेल तर बिघडलेला ट्रे खायची तयारी ठेवा.

"रूम टेम्परेचर" बटर

हे शब्द थंड देशांतल्या पाककृतींमधून आले आहेत. तिथल्या स्वयंपाकघरात २० अंश असतात. नागपूरच्या मे महिन्यात, किंवा मुंबईच्या उकाड्यात, ओट्यावर तासभर ठेवलेलं बटर निम्मं तेल झालेलं असतं, कारण ते बत्तीसच्या आसपास वितळायलाच लागतं. अशा बटरमध्ये साखर फेटली की मिश्रण तकतकीत दिसतं, आणि ओव्हनमध्ये गोळे पक्के होण्याआधीच पसरून एकमेकांना चिकटतात. मग लोक पसरू नये म्हणून मैदा वाढवतात आणि कुकीची भाकरी होते.

बटर फ्रिजमधून काढून तुकडे करा. उन्हाळ्यात दहा मिनिटं पुरतात, थंडीत अर्धा-पाऊण तास. बोट दाबलं तर खळगा पडावा, पण बोट तेलकट होऊ नये. साखरेबरोबर दीड-दोन मिनिटंच फेटा. केकसारखं पांढरं होईपर्यंत फेटलंत तर हवा भरते आणि कुकीचा छोटा केक होतो.

मिश्रण झाल्यावर झाकून फ्रिजमध्ये निदान अर्धा तास, रात्रभर ठेवलं तर उत्तम. बटर आवळतं हा एक फायदा. त्याहून मोठा फायदा ओट्सचा: ते अंड्यातलं आणि बटरमधलं पाणी शोषून फुगतात आणि मग भाजताना ते पाणी धरून ठेवतात. कोरडेच ओट्स ओव्हनमध्ये गेले तर कोरडेच बाहेर येतात. "अर्धा तास कशाला, लगेच भाजल्या तरी होतात की" असं म्हणणारे बरेच भेटतात. होतात, पण मऊ होत नाहीत.

तुपाचं काय? बटरमध्ये सुमारे १६ टक्के पाणी असतं, तुपात जवळजवळ नाहीच. म्हणून ग्रॅमला ग्रॅम तूप घातलं की कुकी रवाळ होते, नानकटाईच्या वळणावर जाते. अगदीच नाइलाज असेल तर ११५ ग्रॅम बटरऐवजी ९५ ग्रॅम थिजलेलं तूप आणि एक मोठा चमचा भरून दूध. घरच्या लोण्यात पाणी किती राहिलंय याचा अंदाज लागत नाही, त्यापेक्षा ते पोळीला लावा.

साखर

ब्राउन शुगर फक्त रंगासाठी नसते. तिच्यातली मळी ओलावा धरून ठेवते, आणि तिच्या आंबटपणामुळे सोडा नीट काम करतो. नुसत्या पांढऱ्या साखरेने कुकी पसरते आणि गार झाल्यावर कडकडीत होते. पण बाजारात ब्राउन शुगर म्हणून मिळणारी पुष्कळशी साखर ही नुसती तपकिरी, कोरडी, जाड दाण्याची असते. मुठीत दाबून बघा, ओल्या वाळूसारखा गोळा झाला तर खरी.

नसेल तर काकवी आहेच. ९५ ग्रॅम साखर मिक्सरमध्ये दोनदाच फिरवून, पिठी होऊ न देता, त्यात एक मोठा चमचा काकवी चोळा. गुळाची पावडरही चालते, चव ठसठशीत येते, फक्त रंग लवकर चढतो, म्हणून नवव्या मिनिटापासून ओव्हनसमोरून हलू नका.

बाकीच्या चुका, थोडक्यात

झटपट शिजणारे पातळ ओट्स घातले तर पिठूळ लगदा होतो. स्टील कट (नुसते तुकडे केलेले) ओट्स भाजूनही खड्यासारखे राहतात. मसाला ओट्सबद्दल विचारू नका.

खाण्याच्या सोड्याऐवजी इनो नको, पसंतीचा प्रश्नच नाही. सोडा अर्ध्या छोट्या चमच्याहून जास्त झाला की साबणासारखी चव येते.

मनुका दहा मिनिटं गरम पाण्यात भिजवून कपड्यावर कोरड्या करा. न भिजवता घातल्या तर त्या कुकीतलंच पाणी ओढतात, आणि वर आलेल्या करपून कडू होतात.

मैद्याऐवजी कणीक घेतलीत तर १० ग्रॅम कमी घ्या, ती पाणी जास्त पिते. मैदा असो की कणीक, पीठ दिसेनासं झालं की ढवळणं थांबवा.

अंडं नको असेल तर एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवा. दही घालू नका, कुकी स्पंजी होते.

ट्रेला तूप चोपडू नका, बटर पेपर घाला. दुसरी खेप तापलेल्या ट्रेवर मांडलीत तर गोळे ओव्हनमध्ये जाण्याआधीच वितळतील.

सगळे गोळे एकाच दिवशी भाजायला हवेत असंही नाही. वळलेले गोळे फ्रीजरमध्ये ठेवून लागतील तसे थेट भाजा, दोन मिनिटं जास्त लागतात. भाजलेल्या कुकीज पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, कोमट भरल्या तर वाफेने गिच्च होतात. आणि एवढं करूनही कडक झाल्याच, तर डब्यात ब्रेडची एक ताजी स्लाइस टाकून रात्रभर बंद ठेवा. सकाळी कुकीज बऱ्यापैकी मऊ झालेल्या असतात आणि स्लाइस वाळून खडखडीत.