ओम्नेट++मध्ये मेसेज ओळखताना या चुका टाळा

ओम्नेट++ या नेटवर्क सिम्युलेटरमध्ये सिम्युलेशन चालतं, एरर येत नाही, स्क्रीनवर ॲकचे (पॅकेट मिळाल्याच्या पोचेचे) ठिपके गेटवेकडून सेन्सरकडे धावताना दिसतात. आणि शेवटी आकडे पाहावेत तर मिळालेले ॲक शून्य. अशा वेळी बहुतेक जण चॅनेलवर संशय घेतात. मी आधी पाहतो की आलेला मेसेज कोणता आहे हे कोड कशावरून ठरवतोय.

गेल्या वर्षी शेवटच्या वर्षाच्या तीन मुली हाच प्रश्न घेऊन आल्या होत्या. शेतातल्या ओलाव्याचे वीस सेन्सर आणि एक गेटवे, एवढंच मॉडेल. सेन्सर डेटा पाठवणार, गेटवे ॲक देणार, ॲक आला नाही तर सेन्सर तेच पुन्हा पाठवणार. प्रत्यक्षात प्रत्येक सेन्सर प्रत्येक पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसला होता. चार दिवस त्यांनी डिले बदलला, डेटारेट बदलला, एरर रेट शून्यावर आणला. दोष एका इफच्या ओळीत होता.

नावावरून ओळखणं

त्या ओळीत मेसेजचं नाव गेटनेम()ने घेऊन दोन बरोबरच्या चिन्हांनी "ॲक" या शब्दाशी ताडलं होतं. सी++मध्ये अशाने अक्षरं ताडली जात नाहीत, मेमरीतले पत्ते ताडले जातात. नाव एका पत्त्यावर, तुमचा "ॲक" दुसऱ्या पत्त्यावर, म्हणून उत्तर कायम "नाही". कंपायलर याची वॉर्निंग देतो, पण बिल्डच्या शेकडो ओळींमध्ये ती वाहून जाते. वॉर्निंग वाचायची सवय लावा, हे मी प्रत्येक बॅचला सांगतो.

तात्पुरता उपाय म्हणजे इजनेम() वापरणं. पण मुळात नावावर निर्णय घेऊच नये. नाव माणसासाठी असतं, स्क्रीनवर आणि लॉगमध्ये वाचायला. आज "डेटा" असलेलं नाव उद्या कुणी तरी सोयीसाठी "डेटा-१२" करतं आणि तुलना मोडते. मग फक्त सुरुवातीची अक्षरं ताडायचा मोह होतो, आणि "डेटा-ॲक" नावाचा मेसेजही डेटा म्हणून मोजला जातो.

काइंडच्या भरवशावर राहणं

प्रत्येक मेसेजला काइंड नावाचा एक छोटा पूर्णांक असतो. एकाच मॉड्यूलच्या (मॉडेलमधल्या एका घटकाच्या) आतले टायमर वेगळे ओळखायला तो छान आहे. शून्य आणि त्यापुढचे आकडे आपले, ऋण आकडे ओम्नेट++ने स्वतःसाठी राखून ठेवलेत. घोळ होतो तो दोन जणांचे मॉड्यूल एकत्र आल्यावर. एकाच्या कोडमध्ये १ म्हणजे डेटा, दुसऱ्याच्या कोडमध्ये १ म्हणजे हॅलो. दोघांचंही एकेकट्याने बरोबर चालतं, जोडलं की हॅलो पॅकेट डेटाच्या मोजणीत शिरतं.

पडद्यावरचा रंगही फसवतो. क्यूटीएनव्हीमध्ये, म्हणजे ओम्नेट++च्या पडद्यावरच्या खिडकीत, ठिपक्याचा रंग काइंडला ८ने भागून उरणाऱ्या बाकीवरून ठरतो: ० लाल, १ हिरवा, २ निळा, असं ७पर्यंत. म्हणजे काइंड १ आणि काइंड ९ दोन्ही हिरवे. काइंड द्यायलाच विसरलात तर सगळे लाल.

क्लासवरून ओळखा, पण क्रम सांभाळा

मेसेजची फील्ड जिथे लिहितात त्या डॉट-एमएसजी फाइलमध्ये प्रत्येक प्रकारासाठी वेगळा क्लास करा आणि हँडलमेसेज या मेसेज स्वीकारणाऱ्या फंक्शनमध्ये डायनॅमिक कास्टने विचारा. मेसेज त्या क्लासचा नसेल तर नल (रिकामा पॉइंटर) मिळतो, मग पुढच्या क्लासची चौकशी. चेक-अँड-कास्ट तेव्हाच वापरा जेव्हा दुसरं काही येणं शक्यच नाही, कारण जुळलं नाही की तो सिम्युलेशन तिथेच थांबवतो. आणि हे थांबणं चांगलं असतं. चुकीचा मेसेज गुपचूप गिळणाऱ्या मॉडेलपेक्षा ओरडून थांबणारं मॉडेल कधीही बरं.

ॲकचा क्लास डेटाच्या क्लासवरून काढलेला असेल तर आधी ॲकची चौकशी करा, मग डेटाची. उलट केलंत तर प्रत्येक ॲक हा "डेटाच" ठरतो, कारण वारशाने तो डेटाही असतोच. आणि या सगळ्याच्या आधी इजसेल्फमेसेज(): स्वतःचा टायमर आणि बाहेरून आलेलं पॅकेट एकाच दारातून आत येतात, हे नवख्यांच्या लक्षात राहत नाही.

आयडी आणि ट्री-आयडी

पॅकेटची डुप()ने कॉपी काढली की कॉपीला नवा आयडी मिळतो, ट्री-आयडी मात्र मूळचाच राहतो. ब्रॉडकास्टच्या वीस कॉप्या एकाच पॅकेटच्या आहेत हे शोधायला ट्री-आयडी फार उपयोगी. पण तो फक्त तपासासाठी. काही जण रिसीव्हरमध्ये डुप्लिकेट ओळखायलाही तोच वापरतात. खऱ्या रेडिओवर ट्री-आयडी नावाचं काही येत नाही, तिथे हेडरमधला सीक्वेन्स नंबर असतो. प्रोटोकॉलचा निर्णय हेडरमधल्या फील्डवरच व्हायला हवा. एनएस-३ हा दुसरा सिम्युलेटर वापरणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं: तिथला पॅकेटचा यूआयडी कॉपीत आणि तुकड्यांत तोच राहतो, म्हणून त्यावरून पॅकेटं मोजू नयेत.

जोडलेली माहिती कुठपर्यंत जाते?

माझ्याकडे येणाऱ्या सगळ्यात किचकट तक्रारी इथल्या असतात.

साध्या ओम्नेट++मध्ये मेसेजला कंट्रोल इन्फो जोडता येतं. वरचा थर खालच्या थराला सांगतो, "हे पॅकेट अमुक पत्त्यावर, अमुक इंटरफेसने पाठव." पॅकेटला ही अशी चिकटवलेली चिठ्ठी समजा. दोन गोष्टी हमखास चुकतात. पहिली: आलेलं पॅकेट पुढे पाठवताना जुनी चिठ्ठी न काढता नवी लावायला जाणं. ओम्नेट++ तिथेच एरर देतो, कंट्रोल इन्फो आधीच जोडलेलं आहे म्हणून. आधी रिमूव्हकंट्रोलइन्फो(), आणि हातात आलेला ऑब्जेक्ट डिलीट करायची जबाबदारी आता तुमची. दुसरी: डुप() केल्यावर चिठ्ठीचीही कॉपी झाली असं समजणं. तशी ती होत नाही. कॉपीचं कंट्रोल इन्फो नल असतं, आणि ते न तपासता वापरलं की क्रॅश. मूळ पॅकेट नीट जातं आणि फक्त कॉप्या मरतात, असं दिसलं तर इथेच बघा.

आयनेट या ओम्नेट++वरच्या प्रोटोकॉल मॉडेलांच्या लायब्ररीच्या ४.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१८पासून, कंट्रोल इन्फोची जागा टॅगने घेतली. म्हणून आयनेट ३साठी लिहिलेला, वर्षानुवर्षं हातोहात फिरणारा कोड नव्या आवृत्तीत तसाच डकवू नका. टॅगच्या नावाच्या शेवटी रेक असेल तर ती खालच्या थराला केलेली विनंती, इंड असेल तर खालून वर आलेली खबर. गेटटॅग() टॅग नसेल तर एरर देतो, फाइंडटॅग() नल देतो. ॲडटॅग() आधीपासून टॅग असेल तर एरर देतो, म्हणून जिथे खात्री नाही तिथे ॲडटॅगइफॲबसेंट().

आलेलंच पॅकेट उत्तर म्हणून परत पाठवत असाल तर जुन्या इंड टॅगमधून हवं ते आधी काढून घ्या, मग क्लिअरटॅग्स(), मग नवे रेक टॅग. हे टाळलं तर पहिल्या प्रवासाची माहिती दुसऱ्या प्रवासात मिसळते. आणि डिस्पॅच प्रोटोकॉलचा टॅग लावायचा राहिला तर मेसेज डिस्पॅचरला, म्हणजे थरांमध्ये पॅकेटं वाटणाऱ्या मॉड्यूलला, पॅकेट कुणाकडे द्यायचं तेच कळत नाही.

"पाठवताना लावलेला टॅग समोरच्या नोडवर मिळत नाही" ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे की मोजणं सोडलंय. हा बग नाही. आयनेटमध्ये पॅकेट टॅग एका नोडमधून दुसऱ्या नोडमध्ये जात नाहीत, फिजिकल लेयर पॅकेट बाहेर सोडण्याआधी ते पुसून टाकतो. तेच योग्य आहे, कारण तारेवरून किंवा हवेतून फक्त बिट जातात. समोरच्याला जे कळायला हवं ते हेडरमध्ये लिहा. टोकापासून टोकापर्यंतचा डिले मोजण्यासारखी निव्वळ मोजमापाची माहिती असेल तर रीजन टॅग वापरा. तो पॅकेटला नाही, आतल्या बाइट्सना चिकटतो, आणि पॅकेटचे तुकडे झाले किंवा टीसीपीने बाइट्स वेगळ्या सेगमेंटमध्ये भरले तरी त्या बाइट्सबरोबर पुढे जातो. एनएस-३मधला बाइट टॅग याच जातीचा. पण तो लावताना जेवढे बाइट पॅकेटमध्ये होते तेवढ्यांनाच लागतो, नंतर चढवलेल्या हेडरला नाही.

सिग्नल ऐकताना

एमिट()ने सोडलेले सिग्नल (मॉड्यूलमध्ये काय घडलं याच्या सूचना) रजिस्टरसिग्नल()ने मिळालेल्या आयडीवरूनच ओळखा. तो आयडी चालू रनमध्ये वाटला जातो, कोडमध्ये आकडा लिहून ठेवू नका. सिग्नल मॉड्यूलच्या उतरंडीत वर चढत जातो, त्यामुळे सगळ्यात वरच्या नेटवर्कवर बसवलेला लिसनर (सिग्नल ऐकणारा कोड) वीसही सेन्सरचं ऐकतो. सोर्स तपासला नाही की एका सेन्सरच्या आलेखात सगळ्यांचे आकडे येतात. सिग्नलबरोबर पॅकेटचा पॉइंटर आला तर तो साठवून ठेवू नका. तुम्ही नंतर वाचायला जाल तेव्हा पॅकेट डिलीट झालेलं असेल. हवी ती फील्ड तिथल्या तिथे उतरवून घ्या.

आणि लांबी

डॉट-एमएसजी फाइलमध्ये दहा फील्ड लिहिली म्हणून पॅकेट मोठं होत नाही. साध्या पॅकेटची लांबी सेटबाइटलेंग्थ()ने दिली नाही तर ती शून्यच राहते. काइंड, नाव, कंट्रोल इन्फो यांचाही एक बिट मोजला जात नाही. शून्य लांबीच्या पॅकेटला, डिले सोडला तर, चॅनेलवर शून्य वेळ लागतो, आणि थ्रूपुटचे निकाल खोटे येतात.

त्या मुलींच्या मॉडेलमध्ये नावाची ओळ काढून क्लासची तपासणी घातल्यावर ॲक ओळखले जाऊ लागले आणि पुन्हा पाठवणं थांबलं. निकाल मात्र फारच सुंदर दिसत होता, म्हणून मी लांबी विचारली. दिलेलीच नव्हती. डेटा ४० बाइट आणि ॲक ११ बाइट केला. २५० केबीपीएसवर डेटाला १.२८ मिलिसेकंद आणि ॲकला ०.३५२ मिलिसेकंद लागायला हवेत. रन केल्याबरोबर चॅनेल बिझी असल्याचा एरर आला. त्यांना वाटलं, चाललेलं पुन्हा बिघडलं. खरं तर सेन्सर पाठोपाठ पॅकेटं सोडत होता आणि पहिलं संपायच्या आत दुसरं चॅनेलवर ढकलत होता. शून्य लांबीमुळे इतके दिवस ते दिसलंच नव्हतं. सेन्सरमध्ये एक क्यू घातला, गेटट्रान्समिशनफिनिशटाइम()च्या वेळेला टायमर लावला आणि टायमर वाजल्यावरच पुढचं पॅकेट सोडायचं ठरवलं. मग आयएनआय फाइलमध्ये इव्हेंट लॉग चालू केला आणि सीक्वेन्स चार्ट (कोणता मेसेज कधी कुठून कुठे गेला याचं चित्र) उघडला. डेटाचा तिरका बाण, थोडी जागा सोडून ॲकचा तिरका बाण. याआधी ते बाण संपायला क्षणाचाही वेळ घेत नव्हते.