थायरॉइड गळ्यात, तक्रार भलतीकडे : या चुका टाळा

पोटऱ्या दुखतात म्हणून तेल चोळून होतं, पोट साफ होत नाही म्हणून चूर्ण होतं, पाळीत जास्त जातं म्हणून लोहाच्या गोळ्या होतात. मग एखादी जेठानी म्हणते, "काय व माय, तुनं तोंड सुजेल दिखस," आणि तेव्हा कुठे टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, थायरॉइड कमी पडलं की ते रक्तात वाढतं) तपासलं जातं. एकेका अवयवाचा सुटा इलाज करत बसणं, ही यातली सगळ्यात महाग पडणारी चूक.

गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मुख्यतः टी४ नावाचं संप्रेरक बनवते. यकृत, मूत्रपिंड अशा ठिकाणी त्याचं टी३ होतं आणि ते जवळपास प्रत्येक पेशीत काम करतं. ते कमी पडलं की ठोके मंदावतात, आतडी सुस्तावतात, स्नायू दुखतात. यकृत रक्तातलं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) नीट उचलत नाही, म्हणून कोलेस्टेरॉल चढतं. अशा वेळी थेट स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध) सुरू केलं तर स्नायूंचं दुखणं आणखी वाढू शकतं. म्हणून कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट वाईट आला की आधी टीएसएचबद्दल डॉक्टरांना विचारा.

उलट बाजूची चूक, म्हणजे थायरॉइड जास्त झालेलं न ओळखण्याची, आपल्याकडे उन्हाळ्यात होते. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला की घाम आणि धडधड कोणाच्या लक्षात येणार? पण भरीत-भाकरी पोटभर खाऊनही वजन उतरत असेल, हात पुढे धरल्यावर बोटं थरथरत असतील, कूलरसमोर झोपूनही छाती धडधडत असेल, तर दोष उन्हाचा नाही. साठीच्या पुढे तर कधी कधी ठोके अनियमित होणं एवढीच खूण दिसते. त्यातून हृदयात गुठळी होऊन लकवा मारू शकतो. हाडंही ठिसूळ होतात. म्हणूनच वजन उतरवायला मनाने थायरॉइडची गोळी वाढवणं हा निव्वळ वेडेपणा आहे. कमी थायरॉइडने वाढलेलं वजन बहुधा थोडंच असतं आणि त्यातही बराचसा भाग मीठ-पाण्याचा असतो.

आता गोळी. कमी थायरॉइडसाठीची लिव्होथायरॉक्सिन उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासाने करायचा. सांगायला सोपं आहे. कापूस वेचणीला पहाटे निघणाऱ्या बाईला तो तास कुठून मिळणार? ती चहासोबतच गोळी गिळते आणि टीएसएच काही उतरत नाही. मग डोस वाढतो, पण दोष डोसचा नसतोच. अशांनी डॉक्टरांना विचारून रात्री जेवणानंतर किमान तीन तासांनी गोळी घ्यावी, तेही चालतं. फक्त रोज वेळ एकच ठेवा. ही गोळी आणि लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या यांत चार तासांचं अंतर हवं.

बाटली चुलीवरच्या फळीवर किंवा पत्र्याच्या खोलीत खिडकीशी ठेवू नका. उष्णता, ऊन आणि ओल या तिन्हींनी गोळीचा कस जातो. धाब्याच्या घरातला कोरडा कोनाडा बरा.

डोस बदलल्यावर आठवड्यातच लॅबमध्ये धावून उपयोग नाही. टी४ चं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायलाच साधारण सात दिवस लागतात, त्यामुळे टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी तपासतात. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर तसं आधी सांगा. त्याने रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. आणि शेजारणीची गोळी सासऱ्यांना देऊ नका. हृदयविकार असलेल्यांना अगदी कमी डोसपासून सुरुवात करतात, एकदम पूर्ण डोस दिला तर छातीत दुखू शकतं.

दिवस राहिले की "बाळाला त्रास नको" म्हणून गोळी थांबवणं सर्रास चालतं. खरं तर सुरुवातीच्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्याच टी४ वर चालते आणि बहुतेकींचा डोस वाढवावा लागतो. म्हणून दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना गाठा. बाळंतपणाला माहेरी जाताना बाटली सोबत न्या आणि बाळाची टाचेतून रक्त घेऊन होणारी थायरॉइड तपासणी मागून घ्या. जन्मजात कमतरता पहिल्या दोन आठवड्यांत सापडून उपचार सुरू झाले तर मतिमंदत्व टळतं.

जास्त थायरॉइडसाठी कार्बिमाझोल घेणाऱ्यांनी घसादुखीसोबत ताप आला तर मेडिकलमधून तापाची गोळी आणून वाट पाहू नये. क्वचित या औषधाने पांढऱ्या पेशी एकदम घसरतात. कार्बिमाझोलची पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि रक्त तपासून घ्या.