परदेशात शिकून ठाण्यात विज्ञान शिकवायचंय? या चुका टाळा

पहिली चूक फी भरण्याआधीच होते: परत येऊन कोणत्या शाळेत शिकवायचं हे न ठरवता प्रवेश घेणं. घोडबंदर रोड किंवा नेरुळच्या आयबी-केंब्रिज (आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या) शाळांच्या दृष्टीने इंग्लंडच्या पीजीसीईला, म्हणजे पदवीनंतरच्या शिक्षक-प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राला, वजन असतं. अनुदानित शाळेत नववी-दहावीसाठी मात्र पदवीसोबत एनसीटीई-मान्य (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता असलेलं) बी.एड. लागतं. २०१५-१६ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं. पीजीसीई जेमतेम एका शैक्षणिक वर्षाची. संस्थेने नेमणूक दिली तरी वैयक्तिक मान्यतेची फाईल शिक्षणाधिकाऱ्यांकडे अडकू शकते. मान्यता नाही तर शालार्थ आयडी (सरकारी पगार प्रणालीतला शिक्षकाचा क्रमांक) नाही, आणि आयडी नाही तर पगारही नाही.

पीजीसीईसोबत क्यूटीएस (क्वालिफाइड टीचर स्टेटस) हा शब्दही कानावर येतो. ती पदवी नव्हे, तो इंग्लंडमधला शिकवण्याचा दर्जा आहे. इंग्लंडमधले काही प्रशिक्षणक्रम फक्त क्यूटीएस देतात, विद्यापीठाचं प्रमाणपत्र मिळतच नाही. मग समकक्षतेसाठी, म्हणजे परदेशी शिक्षण इथल्या पदवीच्या तोडीचं ठरवून घेण्यासाठी, पाठवणार काय? ऑनलाइन आंतरराष्ट्रीय पीजीसीईचं उलटं: प्रमाणपत्र हातात येतं, क्यूटीएस येत नाही. जाहिरातीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून ‘शेवटी नक्की कोणकोणते कागद मिळतील?’ हे ईमेलवर लेखी विचारा.

सगळ्यात जास्त खोळंबा कागदपत्रांनी होतो. दहावीच्या मार्कशीटवर ‘कदम स्नेहल सुनील’, पासपोर्टवर ‘स्नेहल सुनील कदम’ आणि परदेशी प्रमाणपत्रावर नुसतं ‘स्नेहल कदम’. आपल्याला हे एकच माणूस वाटतं, खिडकीपलीकडच्या कारकुनाला तीन. प्रवेशाच्या वेळीच वडिलांच्या नावासकट पासपोर्टप्रमाणे नाव नोंदवा. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत जोडा.

पीजीसीईच्या गुणपत्रकावर बऱ्याचदा टक्के नसतात, फक्त क्रेडिट आणि ‘उत्तीर्ण’. आपल्या अर्जात टक्क्यांचा रकाना असतोच. त्यामुळे निघण्यापूर्वी विद्यापीठाकडून मूल्यांकन पद्धतीचं पत्र घ्या. सराव केलेल्या शाळेकडूनही सही-शिक्क्याचं पत्र हवं: कोणता विषय, कोणते वर्ग, किती दिवस. इयर १० आणि ११ म्हणजे १४ ते १६ वयाची मुलं, साधारण आपली नववी-दहावी, हेही त्यात लिहून घ्या.

ब्रिटिश प्रमाणपत्राचं अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारं सरकारी प्रमाणीकरण) ब्रिटनमध्येच होतं. त्यासाठी मंत्रालयात चकरा मारू नका. तिथे असतानाच उरकलं तर कुरियरचा खर्च वाचतो.

खारघर, कामोठे नवी मुंबईत वाटले तरी जिल्हा रायगड. तिथल्या शाळेची मान्यतेची फाईल ठाण्याला नाही, अलिबागला जाते. वाशी, नेरुळ, ऐरोली ठाणे जिल्ह्यात.

आता डेमो लेसन, म्हणजे नेमणुकीआधी शाळेत घ्यावा लागणारा नमुना तास. फिजिक्समध्ये पीजीसीई केलेले उमेदवार जीवशास्त्राला हातच लावत नाहीत. राज्य मंडळाच्या दहावीत विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे दोन भाग, प्रत्येकी ४० गुणांचे, आणि बहुतेक शाळांत दोन्ही एकाच शिक्षकाकडे. दुसरी अडचण परिभाषेची: वर्षभर इंग्रजीत शिकवल्यावर फळ्यासमोर ‘अपवर्तन’च्या जागी ‘परावर्तन’ निघून जातं, आणि पहिल्या बाकावरचं पोर लगेच हात वर करतं. बालभारतीचं पुस्तक आठवडाभर आधी मोठ्याने वाचा.