रोमानियाचा झेंडा: काळ कसा ओळखावा, शिवावा कसा, लावावा कसा

निळा, पिवळा, लाल. तीन सारख्या उभ्या पट्ट्या, बस्स. इतक्या साध्या झेंड्यात चुकायला वाव तो काय, असं वाटतं. पण जुन्या वस्तूंच्या लिलावात, प्रश्नमंजूषेच्या स्लाइडवर आणि परिषदेच्या व्यासपीठावर हा झेंडा वारंवार चुकलेला दिसतो. 1848 पासून रंग तेच राहिले. बदलत गेलं ते बाकीचं: पट्ट्यांची दिशा, त्यांचा क्रम आणि मधल्या पिवळ्या पट्टीवरचं चिन्ह. जुना झेंडा किंवा फोटो हाती आला की या तीन गोष्टी याच क्रमाने तपासायच्या.

आधी काठी शोधा

‘निळा डावीकडे’ असं पाठ करू नका. निळा काठीकडे असतो. वारा उजवीकडून आला की झेंडा डावीकडे फडकतो, मग काठी उजव्या हाताला आणि निळाही उजव्या हाताला दिसतो. तो झेंडा उलटा नसतो, आपण त्याची मागची बाजू बघत असतो. लक्षात ठेवायला मराठीत ‘निपिला’ पुरे: निळा, पिवळा, लाल, काठीपासून बाहेर.

काठी दिसतच नसेल तर कपड्याच्या कडा बघा. काठीकडच्या कडेला नेफा, दोरी किंवा कड्या असतात. मोकळं टोक वाऱ्यात आपटून विरलेलं असतं, म्हणजे या झेंड्यात लाल पट्टीच आधी फाटते. फोटो असेल तर तो उलटा छापलेला नाही ना, हेही तपासा. दुकानाची पाटी किंवा कोटाची बटणं यावरून ते लगेच कळतं.

मग पट्ट्यांची दिशा

उभ्या पट्ट्या म्हणजे आजचा झेंडा आणि आडव्या म्हणजे जुना, अशी सोपी विभागणी इथे चालत नाही. इतिहास जरा वाकडा चालला आहे.

1848 च्या क्रांतीत वालाकियाच्या (आजच्या रोमानियाच्या दक्षिण भागातलं संस्थान) हंगामी सरकारने 14 जूनला पहिल्याच फर्मानाने निळा-पिवळा-लाल झेंडा ठरवला. त्यावर ‘द्रेप्ताते, फ्रत्सिये’ म्हणजे ‘न्याय, बंधुत्व’ असे शब्द होते. पट्ट्या कशा लावायच्या याचा घोळ झाला असावा, कारण 13 जुलैला दुसरं फर्मान काढून खुलासा करावा लागला: पट्ट्या उभ्या, काठीला निळा, मग पिवळा, मग लाल. सप्टेंबरमध्ये तुर्की फौजांनी क्रांती मोडली आणि तो झेंडा गेला. जेमतेम तीन महिन्यांचं आयुष्य. त्यामुळे ‘1848 चा अस्सल’ म्हणून कुणी काही दाखवलं की आधी अक्षरं बघावीत. त्या काळी रोमानियन भाषा सिरिलिक किंवा मिश्र लिपीत लिहिली जात होती, लॅटिन लिपी सरकारी व्यवहारात आली ती 1860 च्या सुमारास. आजच्या वळणाची स्वच्छ लॅटिन अक्षरं, त्यांवरच्या खुणांसकट, दिसली तर ते नंतरचं काम समजावं.

1859 मध्ये मोल्दाविया आणि वालाकिया या दोन्ही संस्थानांनी, ज्यांचा मिळून पुढे रोमानिया झाला, अलेक्झांड्रू इओन कुझा याला आपला राज्यकर्ता निवडलं. त्याच्या कारकिर्दीत, 1862 ते 1866 च्या दरम्यान, पट्ट्या आडव्या झाल्या आणि क्रम उलटला: वर लाल, मध्ये पिवळा, खाली निळा. ‘निपिला’चा ‘लापिनि’ झाला. 1 सप्टेंबर 1863 ला कुझाने सैन्याच्या तुकड्यांना नवे ध्वज दिले, तेही याच मांडणीचे. म्हणून आडव्या पट्ट्या आणि वर लाल दिसला, तर कुझाचा काळ.

1866 च्या संविधानाने रंग कायम केले, 1867 च्या कायद्याने पट्ट्या पुन्हा उभ्या केल्या आणि निळा काठीला परतला. राज्यात तेव्हापासून दिशा बदललेली नाही.

‘राज्यात’ म्हणायचं कारण ट्रान्सिल्वेनिया. तो प्रदेश 1918 पर्यंत ऑस्ट्रिया-हंगेरीत होता आणि तिथले रोमानियन लोक हेच तीन रंग आपल्या पद्धतीने वापरत. 1 डिसेंबर 1918 ला आल्बा युलिया इथे रोमानियात सामील होण्याचा ठराव झाला, तेव्हा लोकांनी आणलेल्या झेंड्यांत आडव्या पट्ट्यांचे, वर निळा असलेले झेंडे होते. म्हणजे आडवा झेंडा दिसला की वरचा रंग बघा. वर लाल तर कुझा, वर निळा तर बहुधा ट्रान्सिल्वेनिया. फक्त ‘आडवा म्हणजे 1863’ असं लिहून मोकळं होणं ही या विषयातली सर्वांत मोठी चूक.

काळ्या-पांढऱ्या फोटोचा सापळा

आल्बा युलियाच्या सभेचे फोटो सामोइला म्यर्झा या छायाचित्रकाराने काढले. असे जुने फोटो बघताना आपला डोळा फसतो. आपल्याला वाटतं की पिवळा फिका दिसेल, निळा आणि लाल गडद. पण त्या काळच्या काचेच्या प्लेटांवरचा लेप निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील आणि लालला जवळजवळ आंधळा असे. परिणाम उलटा: निळी पट्टी फिकी, कधीकधी पांढरीच, पिवळी मध्यम राखाडी किंवा त्याहून गडद, लाल काळीकुट्ट. वरची पट्टी पांढुरकी आणि खालची काळी दिसली, तर वर निळा आहे असं वाचायचं.

सगळे रंग टिपणारी फिल्म 1930 च्या दशकात सर्रास झाली, तेव्हापासूनच्या फोटोंत पिवळी पट्टी सर्वांत उजळ दिसते आणि निळी-लाल एकमेकींशी मिसळतात. अशा फोटोत रंगांवरून क्रम ठरवण्याच्या फंदात पडू नका, काठीवरून ठरवा.

पिवळ्या पट्टीवर काय आहे

उभ्या पट्ट्यांच्या झेंड्याचा काळ मधल्या चिन्हावरून बऱ्याच नेमकेपणाने सांगता येतो. राजेशाहीच्या काळात साधा झेंडा बिनचिन्हाचा होता आणि सैन्याच्या ध्वजांवर राजचिन्ह असे. 30 डिसेंबर 1947 ला राजा मिहाय याला पदत्याग करायला लावला आणि 1948 पासून साम्यवादी राजवटीचं चिन्ह झेंड्यावर आलं: डोंगर, जंगल, उगवता सूर्य, तेलविहिरीचा मनोरा आणि भोवती गव्हाच्या कणसांचा वेढा. तेल आणि गहू, देशाची दोन्ही नाणी एकाच चित्रात.

इथे भिंग घ्या आणि दोन ठिकाणी बघा. पहिलं, कणसांच्या वर, मधोमध. लाल तारा नसेल तर झेंडा 1948 ते 1952 मधला. तारा असेल तर नंतरचा. दुसरं, खाली कणसं बांधणारी फीत. तीवर तीन अक्षरी लघुरूप असेल तर 1965 च्या आधीचा, देशाचं पूर्ण नाव ‘रेपुब्लिका सोशियालिस्ता रोमानिया’ असेल तर 1965 ते 1989 मधला. बाजारात सर्वांत जास्त मिळतात ते हे शेवटचे.

डिसेंबर 1989 मध्ये तिमिश्वारापासून उठाव पेटला तेव्हा लोकांनी हेच चिन्ह कापून काढलं आणि मध्ये भोक असलेला झेंडा घेऊन ते रस्त्यावर आले. हंगेरीत 1956 ला लोकांनी हेच केलं होतं. 27 डिसेंबर 1989 च्या फर्मानाने चिन्ह अधिकृतरीत्या गेलं आणि साधा त्रिरंगी झेंडा परत आला.

भोकाचे झेंडे विकणाऱ्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. घाईत कात्रीने किंवा सुरीने कापलेली कड वेडीवाकडी असते, धागे सुटलेले असतात, काठावर कणसांचा एखादा तुकडा राहून गेलेला दिसू शकतो. भोक कंपासने काढल्यासारखं गोल, कड शिवलेली, कापड मात्र नवंकोरं आणि चिन्हाचा मागमूस नाही, तर ती स्मरणवस्तू. तशी म्हणून विकत घ्यायला हरकत नाही, किंमतही मग तेवढीच द्यावी.

1989 नंतरच्या राष्ट्रध्वजावर काहीच चिन्ह नसतं. सोनेरी गरुडाचं 1992 चं राजचिन्ह लष्करी ध्वजावर दिसतं, साध्या झेंड्यावर छापलेलं असेल तर ती विक्रेत्याची हौस. 2016 च्या कायद्याने गरुडाच्या डोक्यावर मुकुट परत आला, त्यामुळे मुकुटाविना गरुड 1992 नंतरचा आणि मुकुटासह गरुड बहुधा 2016 नंतरचा.

तारखा लिहिताना

रोमानियाने नवी (आज आपण वापरतो ती ग्रेगोरियन) दिनदर्शिका 1919 मध्ये घेतली. त्याआधीच्या तारखा जुन्या पद्धतीच्या: 19 व्या शतकातल्या तारखेत 12 दिवस मिळवायचे, 1900 नंतरच्या तारखेत 13. म्हणून 14 जून 1848 ची आजची तारीख 26 जून, आणि ध्वजदिनही 26 जूनलाच असतो. आल्बा युलियाच्या 1 डिसेंबरला मात्र हात लावू नका. ऑस्ट्रिया-हंगेरीत नवी दिनदर्शिका आधीपासून होती, त्यात 13 दिवस मिळवले की हिशेब बिघडला. फोटोत संचलन असेल तर राष्ट्रीय दिवसही मदतीला येतो: राजेशाहीत 10 मे, साम्यवादी काळात 23 ऑगस्ट, आता 1 डिसेंबर.

शिवायचा असेल तर

प्रमाण 2:3, आपल्या तिरंग्याचंच. म्हणजे प्रत्येक पट्टी तिच्या उंचीच्या निम्मी रुंद येते. 90 बाय 60 सेंमी झेंड्यासाठी तयार पट्टी 30 बाय 60. कापताना शिवणीचं माप धरा. जीनच्या पँटला असते तशी दुमडून दुहेरी शिवण घ्यायची, त्यासाठी प्रत्येक जोडाच्या कडेला दीड सेंमी. वरच्या-खालच्या दुमडीसाठी प्रत्येकी 2 सेंमी. मोकळ्या टोकाला 3 सेंमी, म्हणजे दीड-दीडची दुहेरी दुमड. कापायची मापं अशी:

निळी 33 बाय 64
पिवळी 33 बाय 64
लाल 34.5 बाय 64

निळीचा दुसरा दीड सेंमी नेफ्याच्या जोडासाठी आहे. नेफा वेगळ्या जाड पांढऱ्या कापडाचा लावावा. पुष्कळ जण निळी पट्टीच दुमडून नेफा करतात आणि मग काठीवर चढवल्यावर निळा रंग बाकी दोघांपेक्षा चार-पाच सेंमी अरुंद दिसतो. मोकळ्या टोकाला शिलाईच्या चार ओळी मारा. सुती कापड आधी धुऊन आटवून घ्या, तिन्ही रंग एकाच ताग्याच्या जातीचे घ्या, नाहीतर पहिल्या पावसानंतर पट्ट्या वेगवेगळ्या आटतात आणि जोडांवर चुण्या पडतात.

रंगांची कायद्यातली नावं कोबाल्ट निळा, क्रोम पिवळा आणि हिंगुळी लाल. स्क्रीनसाठी प्रचलित आकडे लाल-हिरवा-निळा या क्रमाने असे: निळी पट्टी 0, 43, 127, पिवळी 252, 209, 22, लाल 206, 17, 38. निळा नेव्ही ब्लू इतका गडद घेऊ नका. संध्याकाळी तो काळा दिसतो आणि लांबून झेंडा बेल्जियमचा वाटतो.

दुसऱ्याचा झेंडा आणू नका

आफ्रिकेतल्या चाडचा झेंडा रंगाने, क्रमाने, प्रमाणाने जवळजवळ हाच. 1959 मध्ये चाडने तो घेतला तेव्हा रोमानियाच्या झेंड्यावर साम्यवादी चिन्ह होतं, म्हणून गोंधळ नव्हता. 1989 ला चिन्ह गेलं आणि दोन्ही एकसारखे झाले. 2004 मध्ये चाडने हा विषय संयुक्त राष्ट्रांपुढे काढला, पण रोमानियाचे अध्यक्ष इओन इलिएस्कू यांनी रंग सोडणार नाही असं सांगितलं. चाडचा निळा किंचित गडद, एवढाच फरक. कापडावर तो डोळ्यांनी ओळखण्याचा भरवसा धरू नये, खरेदीची पावती आणि पाकिटावरचं देशाचं नाव बघावं. फोनवर इमोजी टाकतानाही यादीतलं नाव वाचूनच निवडा.

मोल्दोव्हाचा झेंडा लांबट, 1:2, मध्ये गरुड आणि त्याच्या छातीवरच्या ढालीत रानबैलाचं डोकं. अँडोराचा 7:10, पिवळी पट्टी बाकीच्यांपेक्षा जरा रुंद आणि तीवर चिन्ह. हे दोन्ही प्रमाण मोजलं की कळतात.

लावताना

भिंतीवर लावला तर समोरून पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला निळा. रोमानियात दुसऱ्या एका झेंड्यासोबत, उदाहरणार्थ युरोपियन युनियनच्या, लावायचा असेल तर समोरून पाहताना रोमानियाचा डावीकडे. दुसरा झेंडा आकाराने मोठा किंवा उंचीने वर नसावा. राष्ट्रीय शोकात अर्ध्यावर ठेवताना आधी टोकापर्यंत चढवून मग खाली आणतात, उतरवतानाही पुन्हा टोकाला नेऊन मगच उतरवतात.

जुना रेशमी झेंडा असेल तर भिंतीवर टांगू नका. स्वतःच्याच वजनाने रेशीम फाटतं आणि घडी घातली तर घडीवर चिरतं. आम्लविरहित कागद गुंडाळलेल्या जाड नळीवर तो सैल गुंडाळा आणि दाखवायचाच असेल तर सपाट पृष्ठावर, 50 लक्सपेक्षा कमी उजेडात ठेवा. आणि 1989 चा भोकाचा झेंडा हाती आला, तर सुटलेले धागे कापू नका, कड दुमडू नका.