अल्डोस्टेरॉन-रेनिन तपासणीची पूर्वतयारी

मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क (अॅड्रिनल) ग्रंथींच्या बाह्य थरात तयार होणारे अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) मूत्रपिंडाला सोडियम राखून ठेवायला आणि पोटॅशियम लघवीवाटे टाकून द्यायला लावते. सोडियमबरोबर पाणीही शरीरात राहते आणि रक्तदाब चढतो. एरवी रक्तदाब वाढला की मूत्रपिंडातून येणारे, अल्डोस्टेरॉनला चालना देणारे रेनिन घटते व त्यापाठोपाठ अल्डोस्टेरॉनही उतरते. ग्रंथीने रेनिनला न जुमानता अल्डोस्टेरॉन सोडतच राहणे, हा जेरोम कॉन यांनी १९५५ मध्ये वर्णिलेला आजार. लघवी वाढवणाऱ्या गोळीसह तीन औषधे घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नसेल, तर अल्डोस्टेरॉन व रेनिन यांचे गुणोत्तर तपासण्याविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे. रक्तातील पोटॅशियम ३.५ mmol/L च्या वर आहे एवढ्यावरून हा आजार नाही असे मानू नये, कारण अनेक रुग्णांत ते सर्वसाधारणच असते.

तयारीत खरी मेख औषधांची आहे. अल्डोस्टेरॉनचा परिणाम रोखणारे स्पायरोनोलॅक्टोन साधारणतः चार आठवडे आधी थांबवावे लागते; रक्तदाबावरचीच बीटा-ब्लॉकर औषधे रेनिन दाबून गुणोत्तर खोटेच वाढवतात, तर टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची औषधे रेनिन वाढवून खरा आजार झाकू शकतात. तरीही कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नये. कोणती बदलायची, कोणती चालू ठेवून अहवालाचा अर्थ लावायचा, हे डॉक्टरच ठरवतील. पोटॅशियम कमी असल्यास ते आधी भरून काढावे, अन्यथा अल्डोस्टेरॉन खोटे कमी दिसते. आश्चर्य वाटेल, पण तपासणीपूर्वी मीठही एकदम तोडायचे नसते.

घसा बसला की ज्येष्ठमधाची काडी चघळण्याची आपल्याकडची सवय येथे आडवी येते. कॉर्टिसॉल हे अधिवृक्क ग्रंथींचेच दुसरे संप्रेरक; मूत्रपिंडात ते निष्प्रभ करणारे एक विकर (एन्झाइम) असते. ज्येष्ठमध त्यालाच रोखते, मग कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉनचे काम करू लागते आणि रक्तदाब वाढूनही रेनिन व अल्डोस्टेरॉन दोन्ही कमी येतात. म्हणून काढे, चूर्णे, खोकल्याच्या गोळ्या यांचीही यादी डॉक्टरांना द्यावी.

नमुना सकाळी, उठून निदान दोन तास हिंडल्याफिरल्यावर आणि मग पाच ते पंधरा मिनिटे बसून द्यावा. रक्त घेताना मूठ वारंवार आवळू नये, पोटॅशियमचा आकडा फुगतो. नमुना बर्फात ठेवू नये, कारण थंडीने रेनिनचे मोजमाप बिघडते.

गुणोत्तर वाढलेले आले, तरी थेट सीटी स्कॅनकडे धावण्याऐवजी आधी निदान पक्के करून घ्यावे. अधिवृक्क ग्रंथीतील निरुपद्रवी गाठी उतारवयात बऱ्याचदा सापडतात, त्यामुळे नुसत्या गाठीवरून दिशाभूल होऊ शकते.